विहाराचा पैसा : दान, हिशेब आणि शिल्लक

धम्मदीक्षेने माणसाचे मन बदलते, तशी त्याच्या घरखर्चाची वहीही बदलते. श्राद्धपक्ष, नवससायास, जत्रेतला बोकड, भगताचे अंगारे-धुपारे आणि दारू यांवर जाणारा पैसा घरात राहू लागतो. नागपूर येथे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील कित्येक या अर्थाने घरखर्चाच्याही प्रतिज्ञा आहेत. हा वाचलेला पैसा मुलांच्या शिक्षणाकडे वळतो, घराच्या भिंतीकडे वळतो, आणि त्यातला काही वस्तीतील विहाराच्या दानपेटीत व मंडळाच्या वर्गणीत पडतो. या शेवटच्या पैशाविषयी आज आम्हांस स्पष्ट लिहावयाचे आहे. आपल्या समाजात या विषयावर उघड बोलणे संकोचाचे समजले जाते; आणि जेथे उघड बोलणे थांबते तेथे कुजबुज सुरू होते, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

आपली मंडळे लहान आहेत. पन्नास-साठ कुटुंबांची वस्ती, तीत एक विहार, त्याला लागून अभ्यासिका, वर्षातून चार-पाच कार्यक्रम आणि अडल्यानडल्यास थोडी मदत, एवढाच त्यांचा पसारा. त्यांच्यामागे कोणा राजाचे इनाम नाही की कोणा शेटजीची देणगी नाही. मोठमोठ्या देवस्थानांना पिढ्यान्‌पिढ्या जमिनींच्या सनदा मिळत गेल्या. आपल्या विहाराची पेटी भरते ती धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या, सफाई कामगाराच्या, रोजंदारीवरील गवंड्याच्या आणि महिनाअखेर ओढाताण करणाऱ्या कारकुनाच्या पैशाने. ज्या पैशामागे एवढे कष्ट आहेत, त्याचा हिशेब ठेवण्यात ढिलाई करणे म्हणजे त्या कष्टांचा अपमान करणे होय.

या मंडळांचे वर्ष कसे जाते ते पाहा. मार्च महिन्यात पावतीपुस्तके छापली जातात. १४ एप्रिलच्या जयंतीसाठी घरोघर वर्गणी होते. मंडप, कमानी, ध्वनिक्षेपकांच्या भिंती, मिरवणूक आणि भोजनदान यांत ती संपते. पुष्कळदा संपून वर देणे उरते. वैशाख पौर्णिमेस पुन्हा थोडी वर्गणी करून मागचे देणे भागविले जाते. मग जून उजाडतो. शाळा-महाविद्यालये उघडतात, विहाराचे पत्रे गळू लागतात, आणि नेमक्या त्याच वेळी पेटीत काही नसते. वर्षावास येतो, धम्मचक्र प्रवर्तन दिन येतो, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादनासाठी जाणे येते, १ जानेवारीस भीमा कोरेगाव येते. दर वेळी नवी वर्गणी आणि दर वेळी तोच शेवट. उत्पन्न लाटेसारखे येते, खर्च मात्र बाराही महिने चालू असतो. विजेचे बिल जयंतीची वाट पाहत नाही. परीक्षेच्या फीची मुदत कोणासाठी थांबत नाही.

म्हणजे आपण दर वर्षी शून्यातून आरंभ करतो आणि शून्यात येऊन थांबतो. ज्या संस्थेजवळ एका महिन्याचाही खर्च शिलकीस नाही, तिने स्वाभिमानाच्या कितीही गोष्टी सांगितल्या तरी पहिल्या संकटाला तिला दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागते. तो दुसरा बहुधा निवडणुकीचा उमेदवार असतो. आज तो विहाराला रंग लावून देतो, उद्या विहाराच्या दारावर त्याचा फलक लागतो, आणि परवा वस्तीची मते आपल्या खिशात आहेत असे तो इतरांना सांगू लागतो. राखीव निधीचा प्रश्न आम्ही समाजाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न समजतो तो यासाठी.

शिल्लक कशासाठी?

अत्याचाराच्या खटल्याचेच उदाहरण घ्या. खेड्यातून जिल्हा न्यायालयात तारखेस येणाऱ्या साक्षीदाराची त्या दिवसाची मजुरी बुडते. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ याखालील १९९५ च्या नियमांनी त्याला प्रवासखर्च व निर्वाहभत्ता मान्य केला आहे. परंतु तो हाती पडेपर्यंत एस.टी.चे भाडे कोणीतरी द्यावेच लागते. महत्त्वाचा साक्षीदार तारखेस हजर राहिला नाही तर खटला कसा ढिला पडतो, हे कोणाही वकिलास विचारावे. तीच गोष्ट शिक्षणाची. शासनाची शिष्यवृत्ती मंजूर होते, पण ती खात्यात जमा होण्यापूर्वी प्रवेशाची मुदत संपत असेल तर विद्यार्थिनीने काय करावे? बौद्ध धम्म स्वीकारलेल्यांचा समावेश अनुसूचित जातींच्या राष्ट्रपतींच्या आदेशात १९९० साली झाला. तथापि जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी यांसाठी जुनी कागदपत्रे जमविताना जे हेलपाटे पडतात ते फुकट होत नाहीत. या प्रत्येक प्रसंगी लागणारी रक्कम लहान असते. ती वेळेवर मिळाली तर एक आयुष्य मार्गी लागते, आणि न मिळाली तर सावकार दारात उभा राहतो.

मोठी संकटे वेगळीच. २०२० च्या टाळेबंदीत जयंती घराघरांत साजरी झाली आणि हातावर पोट असलेल्यांची चूल त्याच आठवड्यांत थंडावली. जुलै २०२१ मध्ये महाड व चिपळूण ही शहरे पुराच्या पाण्याखाली गेली. अशा वेळी वर्गणी गोळा करता येत नाही, कारण देणारा आणि घेणारा एकाच पाण्यात उभे असतात. त्या क्षणी उपयोगी पडते ती आधी राखलेली शिल्लकच.

धम्म काय सांगतो?

आमच्या कानावर एक आक्षेप येतो. दानाचा पैसा साठविणे हे तृष्णेचे लक्षण आहे. आले ते वाटून टाकावे, हाच धम्म, असे काही उपासक मनापासून मानतात. त्यांच्या हेतूविषयी आम्हांस आदर आहे, परंतु तथागतांचा उपदेश तसा नाही. राजगृहात सिगाल नावाच्या गृहस्थाच्या मुलाला जो उपदेश केला, तो दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात आला आहे. तेथे भगवंतांनी मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग आपल्या कामधंद्यात, आणि चौथा भाग आपत्तीच्या वेळी उपयोगी पडावा म्हणून राखून ठेवावा. म्हणजे पावहिस्सा शिल्लक!

अंगुत्तरनिकायात कोलिय कुळातील दीघजाणूला केलेला उपदेश आहे. आम्ही संसारी माणसे, मुलाबाळांत राहणारी, आमच्या हिताचे सांगा, असे त्याने विचारले होते. त्याला भगवंतांनी चार गोष्टी सांगितल्या : उद्योग, मिळविलेल्याचे रक्षण, चांगल्यांची संगत आणि समतोल जीवन. रक्षणाचा अर्थ सांगताना राजा, चोर, आग, पाणी आणि नावडता वारस या पाचांपासून धन सांभाळावे असे म्हटले आहे. समतोल जीवनाचा अर्थ असा की, तराजू धरणाऱ्याप्रमाणे माणसाने आपली आवक आणि जावक जाणावी. आवकेपेक्षा जावक वरचढ होऊ देऊ नये, आणि कंजूषपणाने उपाशीही राहू नये. पुढे तळ्याचा दृष्टांत आहे. तळ्याला पाणी येण्याच्या चार वाटा आणि जाण्याच्या चार वाटा असतात. येण्याच्या बुजविल्या आणि जाण्याच्या उघड्या ठेवल्या तर तळे आटणारच. आपल्या मंडळांचे तळे एप्रिलमध्ये भरते आणि मे महिन्यात आटते, याचे कारण या दृष्टांतात शोधावे.

हा उपदेश गृहस्थांना आहे, संघाला तो कसा लागू होईल, असे कोणी विचारील. संघाने स्वतःची व्यवस्था काय केली तेही पाहावे. भिक्खूने सोने-चांदी स्वीकारू नये असा विनयाचा नियम आहे. म्हणून पैशाच्या व्यवहाराची जबाबदारी उपासक-उपासिकांवर येते व ती त्यांनी टाळता कामा नये. परंतु संघाला मिळालेल्या चीवरांसाठी भांडार असे आणि भांडारिक नेमलेला असे. तो कोणाच्या मर्जीने बसत नसे. संघापुढे रीतसर प्रस्ताव येई व संघाच्या संमतीने त्याची नेमणूक होई. त्याची पात्रताही विनयपिटकात सांगितली आहे : जो लोभाने, द्वेषाने, मोहाने वा भयाने वाकडी वाट धरणार नाही, आणि कोणती वस्तू राखलेली आहे व कोणती नाही हे ज्यास माहीत आहे. आमच्या मंडळांच्या घटनांमध्ये खजिनदाराची पात्रता एवढ्या नेमक्या शब्दांत क्वचितच लिहिलेली असते.

पंचशीलातील दुसरे शील येथे विशेष ध्यानात घेतले पाहिजे. जे दिलेले नाही ते न घेणे, एवढाच त्याचा अर्थ. वरवर पाहता तो चोरीविरुद्ध आहे. पण जरा खोल विचार करा. एका मातेने अभ्यासिकेच्या पुस्तकांसाठी ५०० रुपये दिले. मंडळाने ते मिरवणुकीच्या वाद्यांवर खर्च केले. कोणी खिशात घातले नाहीत, कोणी चैन केली नाही. तरी ते पैसे मिरवणुकीसाठी दिलेलेच नव्हते. जे ज्या कारणासाठी दिले नाही, ते त्या कारणासाठी घेणे हेही अदत्तादानच होय. म्हणून पुस्तकांचा पैसा, विहारबांधणीचा पैसा आणि उत्सवाचा पैसा वहीत वेगवेगळा दिसला पाहिजे.

बाबासाहेबांची शिस्त

परमपूज्य बाबासाहेबांना आम्ही घटनेचे शिल्पकार म्हणतो, पण ते प्रथम अर्थशास्त्रज्ञ होते हे विसरतो. रुपयाचा प्रश्न आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्था हे त्यांच्या ग्रंथांचे विषय. ते ग्रंथ अनुक्रमे १९२३ व १९२५ साली प्रसिद्ध झाले. सरकार कोणत्या अधिकाराने पैसा घेते आणि कोणत्या जबाबदारीने तो खर्च करते, या प्रश्नाचा अभ्यास त्यांनी तरुणपणीच केला होता. १९४९ साली संविधान सभेत नियंत्रक व महालेखापरीक्षकाच्या पदाची चर्चा निघाली, तेव्हा हा अधिकारी संविधानातील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी होय, असे मत त्यांनी मांडले. राष्ट्राचा हिशेब तपासणाऱ्याला बाबासाहेबांनी जे स्थान दिले, ते आपल्या वस्तीतील हिशेबतपासनीसाला आपण देतो काय? बहुतेक ठिकाणी तो वर्षअखेरीस सही करण्यापुरता आठवतो.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. बौद्ध संघांना प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती आणि मतमोजणी यांचे नियम माहीत होते, ही पहिली. राजकारणात व्यक्तिपूजा हा अधःपतनाचा मार्ग आहे, ही दुसरी. दोन्ही गोष्टी मंडळाच्या तिजोरीला तंतोतंत लागू पडतात. ‘अमुक दादा वीस वर्षे खजिनदार आहेत, त्यांना हिशेब विचारायचा म्हणजे त्यांच्यावर संशय घेणे,’ असे म्हणणारा माणूस दादांचे हित करीत नाही. हिशेब मागितला गेला आणि तो चोख निघाला, तर दादांची मान उंचावते. न मागितलेला हिशेब हा प्रामाणिक माणसाच्याही डोक्यावरचे ओझे असतो. तो गेल्यावर त्याच्या मुलांना बोलणी खावी लागतात.

पैशाअभावी चळवळीचे काय होते हेही बाबासाहेबांनी सोसले आहे. १९२७ साली त्यांनी ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक काढले. महाडच्या लढ्याची बाजू मांडणारे ते पत्र आर्थिक ओढाताणीमुळे १९२९ साली बंद पडले. लेखणी थकली नव्हती, विषय संपले नव्हते. संपला होता पैसा. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी केलेल्या भाषणात धम्मकार्यासाठी प्रत्येकाने आपल्या उत्पन्नाचा विसावा भाग द्यावा, असे त्यांनी सुचविले, त्यामागे हा सारा अनुभव होता. विसावा भाग म्हणजे शंभरातले पाच रुपये. ते देणाऱ्यास कठीण आहेत, म्हणूनच घेणाऱ्याची जबाबदारी जड आहे.

किती राखावे?

आता आकड्यांकडे वळू. समजा, एका मंडळात ६० कुटुंबे आहेत आणि प्रत्येक घर दरमहा १०० रुपये देते. वर्षाचे ७२,००० रुपये झाले. जयंतीची वर्गणी आणि मंगल परिणय, नामकरण, पुण्यानुमोदन अशा प्रसंगीचे दान मिळून ४८,००० रुपये धरू. एकूण आवक १,२०,००० रुपये. वीज, पाणी, झाडलोट, वर्तमानपत्रे आणि किरकोळ डागडुजी यांना दरमहा ४,००० म्हणजे वर्षास ४८,००० रुपये. शिक्षणसाह्य २४,००० रुपये. जयंती व इतर सर्व कार्यक्रम मिळून ३०,००० रुपये. एकूण जावक १,०२,००० रुपये. शिल्लक राहिली १८,००० रुपयांची, म्हणजे आवकेच्या १५ टक्के.

हा १५ टक्क्यांचा आकडा आम्ही मुद्दाम धरला आहे. आयकरातून सूट घेणाऱ्या धर्मादाय संस्थेने उत्पन्नापैकी ८५ टक्के रक्कम वर्षात आपल्या हेतूंवर खर्च केली पाहिजे. उरलेली १५ टक्के तिला विनाअट राखून ठेवता येते. त्याहून अधिक राखावयाचे असेल तर नेमका हेतू ठरवून, विहित नमुन्यात कळवून आणि ठराविक मुदतीतच तसे करता येते. सिगालाला सांगितलेला पावहिस्सा गृहस्थासाठी आहे. संस्थेचा पैसा लोकांचा असल्याने तिची मर्यादा थोडी खाली असावी, हे न्याय्यच आहे.

पहिले उद्दिष्ट सहा महिन्यांच्या नित्य खर्चाचे ठेवावे. वरील मंडळात ते २४,००० रुपये होते आणि १६ महिन्यांत साधते. तेथून पुढे एक वर्षाच्या नित्य खर्चापर्यंत, म्हणजे ४८,००० रुपयांपर्यंत जावे. एकूण ३२ महिने लागतील. त्यानंतर तीच वार्षिक रक्कम इमारतीच्या दुरुस्ती निधीकडे वळवावी. विहार बांधताना समाज जिवाचे रान करतो. दहा वर्षांनी छप्पर गळू लागते तेव्हा तोच समाज पुन्हा पावतीपुस्तक घेऊन निघतो. छपराला दहा वर्षांनी दीड लाख लागणार असतील, तर वर्षाला १५,००० बाजूला ठेवणे हा साधा त्रैराशिकाचा हिशेब आहे.

या उदाहरणात जयंतीचा खर्च आम्ही एक चतुर्थांशावर आणला, यावर काही तरुण रुष्ट होतील. जयंती थाटाने व्हावी हे आम्हांसही वाटते. ज्यांना शतकानुशतके रस्त्याच्या कडेने चालावे लागले, त्यांनी रस्त्याच्या मध्यावरून निळा ध्वज नेणे हाही हक्काचा उच्चार आहे. परंतु ध्वनिक्षेपकांच्या एका रात्रीच्या भाड्यात अभ्यासिकेचे किती महिने चालतील, याचा हिशेब त्याच तरुणांनी करावा. उत्तर त्यांचे त्यांनाच सापडेल.

राखीव निधी कधी काढावा याचाही नियम आधीच लिहून ठेवावा. कार्यकारिणीच्या दोन-तृतीयांश सभासदांचा लेखी ठराव असावा. कारण नमूद असावे. आणि काढलेली रक्कम बारा महिन्यांत परत भरण्याची तरतूद त्याच ठरावात असावी. मंडप, मिरवणूक आणि सत्कार यांसाठी हा निधी कदापि हलवू नये. सभासदांना हातउसने देण्यासाठी तर मुळीच नाही. ओळखीच्या माणसाला दिलेली उसनवारी परत मागणे अवघड होते, आणि तिच्यात पैशाबरोबर माणूसही जातो.

कायद्याची चौकट

महाराष्ट्रातील विहार आणि धर्मादाय हेतूने नोंदलेली मंडळे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली येतात. पूर्वी या कायद्याच्या नावात ‘मुंबई’ होते. २०१२ च्या दुरुस्तीने तेथे ‘महाराष्ट्र’ आले. हा कायदा कित्येक मंडळांना संकट वाटतो. वस्तुतः तो लहान माणसाच्या पैशाचा पहारेकरी आहे. त्यातील मोजक्या तरतुदी प्रत्येक सभासदास ठाऊक असाव्यात.

कलम ३२ प्रमाणे नियमित हिशेब ठेवणे विश्वस्तांवर बंधनकारक आहे, आणि कलम ३३ त्या हिशेबांच्या तपासणीचे आहे. कलम ३५ प्रमाणे तात्काळ लागणार नाही असा पैसा मुख्यत्वे अनुसूचित बँक, टपाल बचत बँक, शासनमान्य सहकारी बँक किंवा सरकारी रोखे यांतच ठेवावयाचा असतो. खजिनदाराच्या कपाटात नव्हे, त्याच्या स्वतःच्या खात्यात नव्हे, आणि जास्त व्याजाच्या मोहाने एखाद्या पतसंस्थेतही नव्हे. बँकेतील ठेवींना विम्याचे संरक्षण असते. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख करण्यात आली. पतसंस्थेतील ठेवींना ते संरक्षण नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईतील एका मोठ्या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा हजारो ठेवीदारांना आपलाच पैसा काढता येईना. विमा असूनही वेळ जातो. म्हणून सहा महिन्यांची शिल्लक एकाच ठिकाणी न ठेवणे शहाणपणाचे.

कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीवाचून विहाराची स्थावर मिळकत विकता येत नाही, तसेच इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देता येत नाही. कलम ३६-अ प्रमाणे विश्वस्तांना मंजुरीविना कर्ज काढता येत नाही. ‘वर्गणी आली की फेडू’ म्हणून मंडपवाल्याचे पैसे व्याजाने उचलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आणि कलम २२ : विश्वस्त बदलले की ९० दिवसांत तो बदल कळवावा लागतो. हा एक कागद वेळेवर न दिल्याने किती मंडळे पांगळी झाली आहेत, हे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जाणाऱ्या वकिलास नित्य दिसते. जुने विश्वस्त वारले, नव्यांची नोंद नाही, दोन गट दोन निवडणुका सांगतात, बँक सहीची विचारणा करते, आणि समाजाचा पैसा वर्षानुवर्षे कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

अलीकडे मोबाईलवरून वर्गणी देण्याची सोय झाली. ती स्वागतार्ह आहे, कारण प्रत्येक व्यवहाराची आपोआप नोंद राहते. मात्र विहाराच्या भिंतीवर लावलेला क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचा आहे की एखाद्या कार्यकर्त्याच्या, हे देण्यापूर्वी पाहावे. पडद्यावर नाव दिसतेच. ते मंडळाचे नसेल तर नम्रपणे विचारावे. खात्यावर अध्यक्ष, सचिव व खजिनदार यांपैकी दोघांच्या सह्या असाव्यात, आणि ते तिघे एकाच घरातले नसावेत.

साठविणे हाही दोष होऊ शकतो

येथवर आम्ही शिलकीची बाजू मांडली. तिचा दुसरा धोकाही सांगितला पाहिजे. काही मंडळे जमवीतच राहतात. मुदतठेवीची पावती हीच त्यांची प्रतिष्ठा होते, आणि त्याच वस्तीतील मुलगी फीअभावी महाविद्यालय सोडते. असा पैसा समाजाला न्याय देत नाही. शिवाय मोठी आणि हेतूहीन शिल्लक भांडणाला आमंत्रण देते; तिच्यासाठी निवडणुका लढविल्या जातात, गट पडतात आणि वंदना बाजूला राहते. दीघजाणूला सांगितलेल्या तराजूला दोन पारडी आहेत. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने दुसऱ्याच वर्षी सोलापुरास वसतिगृह सुरू केले. पैसा मिळविणे आणि तो कामास लावणे यांत तिने अंतर पडू दिले नाही. म्हणून ठरविलेली मर्यादा गाठली की पुढची रक्कम शिक्षणाकडे वा दुरुस्तीकडे गेलीच पाहिजे, असा दंडक असावा.

एक सूचना आग्रहाने करतो. खजिन्याची जबाबदारी भगिनींकडे द्यावी. ज्या वस्त्यांत महिला बचत गट चालतात, तेथे दरमहा ठराविक दिवशी पैसे गोळा होतात, सर्वांसमोर मोजले जातात आणि वहीत चढतात. विहाराच्या कार्यकारिणीत मात्र त्याच स्त्रियांना खीरदान व रांगोळी यांपलीकडे काम दिले जात नाही. ज्या धम्मात स्त्रियांना संघाचे दार उघडले गेले, त्या धम्माच्या मंडळात त्यांना तिजोरीची किल्ली नसावी हे लाजिरवाणे आहे.

नवदीक्षित कुटुंबांना आमचे सांगणे थोडक्यात असे. वर्गणी द्या, पण पावतीवाचून देऊ नका. कशासाठी देता ते पावतीवर लिहून घ्या. वर्षातून एकदा होणाऱ्या सर्वसाधारण सभेस घरातील एक पुरुष आणि एक स्त्री अशी दोघांनी हजेरी लावा, ताळेबंद मोठ्याने वाचून दाखविण्यास सांगा, आणि एखादी रक्कम कळली नाही तर हात वर करून विचारा. कोणी रागावले तरी विचारा. ज्या देवळात आपणांस पायरीवरही उभे राहू दिले जात नव्हते, तेथे पेटीत टाकलेल्या पैशाचे काय झाले हे विचारण्याचा हक्क आपणांस नव्हता. विहार आपला आहे. येथे विचारण्याचा हक्क दीक्षेबरोबरच मिळाला आहे.

आणि कार्यकर्त्यांना एवढेच सांगतो. येत्या पौर्णिमेस वंदना झाली की विहाराच्या भिंतीवर एक साधा फळा लावा. त्यावर तीन ओळी लिहा : या महिन्यात आलेले, या महिन्यात गेलेले, आणि आज शिल्लक असलेले. खाली दोन सह्या करा. पुढच्या पौर्णिमेस पुसून नव्याने लिहा. वर्षभर हा नेम चालविलात तर पुढील एप्रिलमध्ये पावतीपुस्तक घेऊन निघाल तेव्हा दार उघडणारी माउली ‘मागच्या वर्षीचे काय झाले?’ असे विचारणार नाही. ते तिने फळ्यावर वाचलेले असेल.